मास कुंतोरोंचं कार्ड

कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा पाक दर्सोनो, म्हणजे दर्सोनोबाबा, एका माणसाचं लग्न लावत होते. लग्न १९५८ सालचं होतं आणि आता फक्त कागदावर लावायचं होतं. नवरदेवाचा फोटो पानाच्या डाव्या अंगाला नीट बसला होता. नवरीचा उजवीकडे ओढून आणत होते, तेवढ्यात पडदा काळा झाला. टेबलाखालच्या डब्यातला पंखा एकदा उसासला, आणि यंत्र आपलं आपणच पहिल्यापासून सुरू झालं, जणू काही घडलंच नव्हतं.

"गेली का नवरी?" स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, तुतिकचा, आवाज आला.

"गेली," दर्सोनो म्हणाले.

"तिसऱ्यांदा पळाली. तिच्या मनात नसेल तर कशाला जबरदस्ती करताय?"

दर्सोनोंनी चष्मा कपाळावर सारला आणि शेजारच्या वहीत लिहिलं: सोमवार, सकाळी नऊ वीस. पान ६१. सुरू केल्यापासून चौदा मिनिटं. एकतीस वर्षं त्यांनी सालातिगाच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. चूक का झाली हे कळलं नाही तरी कुठे झाली याची नोंद पाहिजे, ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती.

ते पुस्तक म्हणजे तुतिकच्या माहेरच्या घराण्याची वंशावळ. रविवार आणि लेगी हा दर पाच दिवसांनी येणारा बाजाराचा वार एकत्र आला की, म्हणजे दर पस्तीस दिवसांनी, सगळं घराणं कोणाच्या तरी घरी जमत असे. अशाच एका जमण्यात घराण्यातल्या सर्वांत थोरल्या, एक्याण्णव वर्षांच्या म्बाह सारिन्तेन यांनी, म्हणजे सगळ्यांच्या आजीनं, दर्सोनोंना जवळ बोलावलं होतं. "तुम्ही छापखान्यातले. मी सांगते, तुम्ही लिहा," एवढंच त्या म्हणाल्या. दोन वर्षं त्या सांगत होत्या आणि दर्सोनो लिहीत होते. तीनशे बारा नावं, सहा पिढ्या, सगळं त्यांच्या डोक्यातून. फोटो तेवढे घरोघरच्या पेट्यांतून आले.

आता अडचण अशी की म्बाहचा उजवा डोळा गेलेला होता, आणि डाव्याबद्दल डॉक्टरांनी महिन्या-दोन महिन्यांची मुदत सांगितली होती. येत्या रविवारी पुस्तक हातात पडलं तर त्या ते स्वतः वाचू शकणार होत्या. त्यानंतरची जमणूक पस्तीस दिवसांनी. तेव्हाचं कोणी सांगावं?

"मला वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत," म्बाह म्हणाल्या होत्या. "सगळे मधली पानं गाळतात. मला माझं मलाच वाचायचंय."

म्हणून दर्सोनोंनी अक्षरं शेंगदाण्याएवढी मोठी ठेवली होती. त्यामुळे पानं वाढली होती. छापखान्याच्या मालकानं जुन्या ओळखीखातर सांगितलं होतं: शनिवारी दुपारी बारापर्यंत आणून द्या, रविवारी सकाळी बांधलेली प्रत घेऊन जा. आणि आज सोमवार होता, आणि पान एकसष्टच्या पुढे पुस्तक जायला तयार नव्हतं.

खरं तर चूक दर्सोनोंचीच होती. मागच्या जमणुकीत चहा पिताना कोणीतरी पुस्तकाची चौकशी केली आणि ते बोलून गेले, "चाललंय. फोटो चढवले की कॉम्प्युटर जरा दमतो, एवढंच." या घराण्यात असं बोलायचं नसतं, हे बेचाळीस वर्षं जावई असलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. इथं पाहुण्यानं भिंतीवरच्या घड्याळाचं कौतुक केलं तर घड्याळ कागदात गुंडाळून त्याच्या पिशवीत जातं. आठ दिवसांच्या आत तीन वस्तू घरी आल्या. तुतिकच्या चुलत बहिणीनं, मार्नीनं, सेमारांगहून एक नवी डिस्क धाडली. तुतिकच्या मोठ्या बहिणीचा मुलगा अंगित मेमरीच्या दोन पट्ट्या घेऊन आला. आणि तुतिकचे थोरले भाऊ कुंतोरो स्वतःच्या हातानं एक खोकं घेऊन आले. त्यात एक ग्राफिक्स कार्ड होतं. लांबीला लहानशा विटेएवढं, दोन पंखे, आणि चालू झालं की कडेनं लाल दिव्यांची रांग.

कुंतोरो बस आगाराचे प्रमुख होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून उभे राहिले की समोरच्याला आपण उशिरा आलो असं वाटायचं. घरात सगळे त्यांना 'मास' म्हणत, म्हणजे दादा. दर्सोनो त्यांच्यापेक्षा फक्त दोन वर्षांनी लहान होते, पण नात्यानं धाकटे ते धाकटेच.

अंगितनं तिन्ही वस्तू एका सकाळी बसवल्या. झाकण लावायला घेतलं तेव्हा कुंतोरो म्हणाले, "झाकण कशाला? दिवे दिसायला नकोत?" तेव्हापासून डबा एका अंगानं उघडाच होता. आणि तेव्हापासूनच कॉम्प्युटर बंद पडत होता.

"अहो, गल्लीच्या तोंडाशी भाड्याचे कॉम्प्युटर आहेत," तुतिक म्हणाली. "तिथं बसून करा की तीन दिवसांत."

"आणि मास कुंतोरोंना कळलं तर?"

"काय कळलं तर?"

"की त्यांनी एवढं कार्ड दिलं, आणि मी पोरांच्या रांगेत जाऊन बसलोय."

तुतिकनं हातातली पळी पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं आणि पळी पुन्हा भांड्यात घातली.

पहिले काही दिवस दर्सोनोंनी विजेवर संशय घेतला. घराला नऊशे वॉटची जोडणी होती. भाताचं भांडं आणि इस्त्री एकदम लावली की दारावरचं बटण खटकन पडायचं आणि तुतिक अंधारातून ओरडायची. म्हणून त्यांनी तिला विनंती केली की पुस्तकाचं काम चालू असताना इस्त्री करू नये. पाण्याचा पंपही लावू नये. जमलं तर भातही जरा उशिरा. तुतिकनं दोन दिवस ऐकलं. दोन दिवस चुरगळलेल्या कपड्यांत आणि उशिराच्या जेवणावर गेले, आणि कॉम्प्युटर पूर्वीच्याच इमानानं चौदाव्या मिनिटाला झोपत राहिला. इस्त्री आणि भात पुन्हा वेळेवर सुरू झाले, पंप तेवढा बंदच राहिला. मग त्यांनी टेबल सरकवलं. मग धूळ झटकली. मग टेबलावरचा पंखा उघड्या डब्यासमोर लावला. त्याचा झोत डब्यात जाण्याऐवजी तुतिकच्या पाठीवर गेला, आणि तिला सर्दी झाली.

"आता यंत्र दुरुस्त होईपर्यंत मी टिकले म्हणजे मिळवली," ती शिंकत म्हणाली. "माझा फोटो चांगला निवडून ठेवा, पुस्तकात लागेल."

मंगळवारी शेवटी त्यांनी दुरुस्तीवाल्या तेजोला फोन लावला. तेजोनं वहीतल्या सगळ्या नोंदी शांतपणे ऐकून घेतल्या.

"पाक, सोपं आहे. नवीन तिन्ही वस्तू काढा. मग एकेक बसवत जा. तासाभरात चोर सापडतो."

"तिन्ही एकदम काढायच्या?"

"हो."

"आणि कोणी आलं तर?"

"कोणी म्हणजे? पोलीस?"

"नाही नाही. असंच. नातेवाईक."

तेजो सालातिगाचाच मुलगा होता. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. "कठीण आहे," तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

दर्सोनो मूर्ख नव्हते. डब्याच्या तळाशी वीज पुरवणारा जुना भाग होता, त्यावरची बारीक अक्षरं त्यांनी भिंग लावून वाचली होती: तीनशे वॉट. कार्डाच्या खोक्यावरची त्याहून बारीक अक्षरंही वाचली होती: निदान साडेचारशे. वीज कमी पडते आहे हे त्यांना दुसऱ्याच दिवशी समजलं होतं. त्यांनी वहीत त्या दिवसाच्या नोंदीपुढे पेन्सिलीनं 'कार्ड?' असं लिहिलंही होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की मास कुंतोरो रोज दहाच्या सुमारास येतात आणि टेबलावर जे असेल ते उचलून वाचतात. त्यांनी तो शब्द खोडरबरानं पुसून टाकला. तरी आपलं चुकत असेल, असंही त्यांना वाटत राहिलं. साडेचारशे हे कंपनीवाले उगाच वाढवून लिहीत असतील. एका छापखान्यातल्या म्हाताऱ्याला विजेतलं काय कळतं?

त्यामुळे तेजोची पद्धत त्यांनी स्वीकारली, पण आपल्या रीतीनं. कोणती वस्तू आधी काढायची हे त्यांनी संशयावरून ठरवलं नाही, मानावरून ठरवलं.

मार्नी सर्वांत लांब राहत होती आणि रविवारपर्यंत येणार नव्हती. तेव्हा मंगळवारी दुपारी, दाराला आतून कडी लावून, दर्सोनोंनी तिची डिस्क काढली. पंधरा मिनिटांनी पडदा काळा झाला. त्यांनी डिस्क जागेवर बसवली आणि मनातल्या मनात मार्नीची क्षमा मागितली.

"काय हो, कडी कशाला लावलीत?" तुतिकनं विचारलं.

"वारा येत होता."

"मला सर्दी झाली तेव्हा नाही आला वाटतं."

बुधवारी अंगितची पाळी. अंगित वयानं लहान, पण त्याची आई हळवी. दर्सोनोंनी त्याला चहाला बोलावलं. त्याच्या कामाची, गाडीची, मांजराची विचारपूस केली, आणि तिसऱ्या कपाला म्हणाले, "तुझ्या पट्ट्या फार छान आहेत हं, अंगित. त्यांना कधी विश्रांती द्यावी लागते का?"

अंगितनं कप खाली ठेवला. "पाकले," तो म्हणाला, कारण दर्सोनो त्याचे धाकटे काका लागत, "काढून बघायच्यात ना? काढा की."

"तुझ्या आईला..."

"आईला पट्ट्या म्हणजे काय ते माहीत नाही. तिला वाटतं मी तुम्हाला जखमेवरच्या पट्ट्या दिल्यात."

पट्ट्या निघाल्या. जुनी मेमरी एकटी राहिली. फोटो अकराव्या मिनिटालाच अडखळायला लागले आणि चौदाव्या मिनिटाला पडदा काळा. अंगितनं डब्याकडे पाहिलं. लाल दिवे एकदा विझले आणि पुन्हा ऐटीत लागले. त्यानं दर्सोनोंकडे पाहिलं. दर्सोनोंनी खिडकीबाहेर पाहिलं.

"सुंदर कार्ड आहे," अंगित म्हणाला.

"फारच सुंदर," दर्सोनो म्हणाले.

गुरुवार नुसता गेला. दर्सोनोंनी फोटो लहान केले, पान एकसष्ट सोडून एकसष्टच्या पुढून सुरुवात केली, दर दहाव्या मिनिटाला सगळं साठवून यंत्र बंद केलं, थंड होऊ दिलं, पुन्हा सुरू केलं. अशानं दिवसभरात सात पानं झाली. एकशे अडतीस उरली होती. शनिवार दुपारपर्यंत सात सातनं काय होणार हे त्यांना हिशोब न करताच कळत होतं. संध्याकाळी म्बाहच्या नातीचा फोन आला: म्बाहनं भिंगाची काच पुसून उशाशी ठेवली आहे, आणि विचारलं आहे की पुस्तक जड असेल तर मांडीवर ठेवायला उशी लागेल का?

"काय सांगू?" तुतिकनं फोनवर हात ठेवून विचारलं.

"सांग, उशी लागेल," दर्सोनो म्हणाले. मग त्यांना त्या रात्री झोप लागली नाही.

शुक्रवारी मशिदीतून परतताना कुंतोरो नेहमीसारखे आले. पांढरा सदरा, काळी टोपी, दारात चपला एकाला एक लावून ठेवलेल्या. मागोमाग अंगितही आला. तुतिकनं त्याला बोलावलं होतं. का, ते तिनं सांगितलं नव्हतं. तिनं गोड चहा आणि सोयाबीनचं गरम तळलेलं तेम्पे आणून ठेवलं आणि नेहमीप्रमाणे आत न जाता खुर्ची ओढून दारातच बसली, मांडीवर सोलायच्या लसणाची परडी घेऊन.

"चालू कर," कुंतोरो म्हणाले. "बघू तरी."

दर्सोनोंनी चालू केलं. लाल दिवे लागले. कुंतोरोंनी मान हलवून त्यांना पावती दिली. पान एकसष्ट उघडलं. नवरदेव जागेवर होता. सगळे वाट पाहत बसले, आणि चौदाव्या मिनिटाला नवरीसकट सगळं गेलं.

"मेमरी," कुंतोरो लगेच म्हणाले. "आजकालच्या मुलांच्या वस्तू अशाच."

अंगितनं तेम्पेचा मोठा तुकडा तोंडात घातला म्हणजे बोलावं लागू नये.

"काढून बघितली, मास," दर्सोनो म्हणाले.

"मग डिस्क. मार्नी काहीही घेते, बाजारात दिसलं की."

"तीही बघितली."

"मग वीज. तुझी ही नऊशेची जोडणी! पंप कोणी लावला होता?"

"कोणी नाही लावला," दारातून तुतिक म्हणाली. "इतके दिवस आंघोळीचं पाणी मी विहिरीतून काढतेय, मास. तुमच्या कार्डासाठी."

"कार्डाचं काय त्यात?" कुंतोरो म्हणाले.

"काही नाही. कार्ड छान आहे."

"छानच आहे," अंगित तोंडातल्या तेम्पेसकट म्हणाला.

"फारच छान," दर्सोनो म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांना आपल्या आवाजाची लाज वाटली.

कुंतोरोंनी टेबलावरची वही उचलली. चष्मा लावला आणि आगारातला हजेरीपट वाचावा तसं मोठ्यानं वाचू लागले. "सोमवार, नऊ वीस, पान एकसष्ट, चौदा मिनिटं. सोमवार, दहा पाच, पान एकसष्ट... इस्त्री बंद. पंप बंद. टेबल पूर्वेला..." ते एक पान मागे गेले, आणखी एक पान मागे गेले. मग थांबले. वही खिडकीकडे धरली. पुसलेल्या शब्दाचा खळगा कागदात राहिला होता. दर्सोनो मुद्रितं तपासायचे तेव्हापासून पेन्सिल दाबून लिहीत.

"इथं काय होतं?" कुंतोरोंनी विचारलं.

तुतिकचा लसूण सोलायचा थांबला.

दर्सोनोंना पहिल्यांदा सुचलं ते असं, की 'काही नाही, चुकून लिहिलं होतं.' जिभेवर आलंही. मग त्यांना उशी आठवली. म्बाहनं मांडीवर उशी घेऊन बसायचं, आणि कोणीतरी हात जोडून सांगायचं की पुस्तक पुढच्या वेळी. ते कोणीतरी म्हणजे आपणच असणार.

ते खुर्चीवरून उठले, कारण बसून हे बोलता येण्यासारखं नव्हतं, आणि उभं राहूनही येईल असं त्यांना वाटत नव्हतं.

"मास कुंतोरो," ते म्हणाले, "तिथं मी 'कार्ड' लिहिलं होतं. पुढे प्रश्नचिन्ह. आपण दिलेलं कार्ड मोठ्या घरात शोभणारं आहे. आमचा हा डबा जुना, त्याला वीज पुरवणारा भाग त्याहून जुना, तीनशे वॉटचा. आपल्या कार्डाला पुरेसं खायला घालायची ऐपत त्याच्यात नाही. म्हणून... रविवारपर्यंत त्याला काढून ठेवण्याची परवानगी द्यावी. म्बाहंना पुस्तक वाचायचं आहे. डोळे आहेत तोवर."

एवढं एका दमात बोलून त्यांचा श्वास संपला. बेचाळीस वर्षांत ते या माणसासमोर एवढं कधीच बोलले नव्हते.

कुंतोरोंनी वही मिटली. टेबलावर सरळ ठेवली. कडा टेबलाच्या कडेला लावली.

"काढ," ते म्हणाले.

अंगितनं पेचकस शोधायला वेळ लावला नाही. तो त्याच्या खिशातच होता. दोन पेच, एक वायर, आणि कार्ड बाहेर आलं. कुंतोरोंनी हात पुढे केला आणि ते आपल्या मांडीवर घेतलं, आजारी कोंबडी घ्यावी तसं. अंगितनं पडद्याची वायर मागच्या जुन्या भोकात खोचली. यंत्र सुरू झालं. दिवे नव्हते. नुसता डबा.

पान एकसष्ट उघडायला पूर्वीपेक्षा वेळ लागला. नवरदेव आला. दर्सोनोंनी नवरी ओढत आणून त्याच्या शेजारी ठेवली. ती बसली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. तेम्पे गार झालं, तरी कोणी हात लावला नाही. तेराव्या मिनिटाला अंगितनं डोळे मिटून घेतले. चौदावं गेलं. पंधरावं गेलं. दर्सोनो पान एकोणसत्तरवर गेले, सत्तरवर गेले, एका बारशाचा फोटो चढवला, दोन जुळी मुलं चढवली. अर्धा तास झाला.

"नांदायला लागली," तुतिक म्हणाली.

तेव्हा कुंतोरोंनी घसा साफ केला.

"माझ्याकडेही असंच व्हायचं," ते म्हणाले.

"काय व्हायचं?"

"काळं. चौदा नाही, माझ्याकडे वीस मिनिटांनी." ते कार्डाकडे बघत बोलत होते. "बायूनं पहिल्या पगारातून आणून दिलं मला. पोरगा स्वतः बसवून गेला. दुसऱ्या दिवसापासून बंद पडायला लागलं. आता त्याला कसं सांगणार? दर रविवारी फोनवर विचारायचा, 'बाबा, कसं चाललंय?' मी म्हणायचो, 'उत्तम.' दोन महिने 'उत्तम' म्हटलं. मग तू म्हणालास, कॉम्प्युटर दमतो..."

"म्हणजे बिघडलेली वस्तू माझ्या नवऱ्याला दिलीत!" तुतिकनं परडी बाजूला ठेवली.

"बिघडलेली नाही! बायूनं घेतलेली वस्तू बिघडलेली कशी असेल? मला वाटलं दोष माझ्यात आहे. माझ्या हाताला यंत्रं लाभत नाहीत, असं तुझी वहिनी म्हणते. म्हटलं दर्सोनो शांत माणूस, त्याच्याकडे चालेल."

"म्हणून रोज बघायला येत होतात?"

"चालतंय का ते बघायला यायचो." कुंतोरोंनी कार्डावरची धूळ बोटानं पुसली. "खरं सांगू? इथंही बंद पडायचं ना, तेव्हा मला बरं वाटायचं. म्हटलं, चला, माझ्या एकट्याकडेच नाही."

दर्सोनोंना हसावं की काय करावं ते कळेना. दोन आठवडे ते ज्या माणसाची नजर चुकवत होते, तो माणूस रोज सकाळी समोरच्या खुर्चीत बसून त्यांच्यासारखाच घाबरत होता.

"पाकदे," अंगित आपल्या थोरल्या मामांना म्हणाला, "कार्ड ठीकच आहे. तुमच्या डब्यातला वीजपुरवठाही जुनाच आहे ना? दोन्हीकडे तोच रोग. मोठा बसवला की दिवे काय, नाचसुद्धा करेल."

"तुला हे कधीपासून माहीत?"

"बसवलं त्या दिवसापासून."

"मग बोलला नाहीस?"

"तुम्ही मोठे," अंगित म्हणाला. "म्हटलं तुम्हाला माहीत असेल."

तुतिकनं तिघांकडे एकेक करून पाहिलं. "या घरातले पुरुष," ती म्हणाली, "आग लागली तर आधी विचारतील, 'माफ करा, ही कोणाची आग?'" आणि ती गार तेम्पे गरम करायला आत गेली. जाताना तिनं पंप लावला.

कुंतोरो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसले. दर्सोनो पानं लावत होते आणि कुंतोरो शेजारून नावं वाचून दाखवत होते, बसचे नंबर पुकारावेत तशा आवाजात. शनिवारी बाराला दहा मिनिटं कमी असताना दर्सोनो छापखान्यात पोचले.

रविवारी सगळं घराणं म्बाह सारिन्तेन यांच्याच अंगणात जमलं. सत्तरेक माणसं चटयांवर बसली होती. केळीच्या पानांवर भात मांडून झाला होता, वर फणसाची भाजी, अंडी, शेंगदाण्याची चटणी. दर्सोनोंनी पुस्तक दोन्ही हातांनी म्बाहपुढे धरलं. त्यांनी ते मांडीवरच्या उशीवर घेतलं, भिंग लावलं, पुस्तक डाव्या डोळ्याजवळ नेलं, आणि पहिल्या पानावरचं पहिलं नाव मोठ्यानं वाचलं. ते त्यांच्या आजोबांचं होतं.

वाचून त्यांनी वर पाहिलं. मग दुसरं वाचलं. आवाज बारीक होता, पण अडत नव्हता. एकही नाव त्या गाळत नव्हत्या. मेलेल्यांच्या नावापाशी क्षणभर थांबत, आणि जिवंत माणसाचं नाव आलं की तो चटईवरून "इथं आहे" म्हणत असे. मग त्या भिंग उचलून खात्री करून घेत, आणि पुढे जात.

पहिली पंचवीस पानं अशी झाली. चाळीस झाली. पान एकसष्टवर म्बाह नवरा-नवरीच्या फोटोंवर बराच वेळ भिंग फिरवत राहिल्या, आणि म्हणाल्या, "ही तेव्हा लाजत होती. आता नाही लाजत." नवरी समोरच्याच चटईवर बसली होती, शहाऐंशी वर्षांची. ती पुन्हा लाजली.

भात गार झाला. भाजीवर तेल थिजू लागलं. लहान मुलं आयांच्या कानांत काही बाही सांगू लागली आणि आया त्यांचे हात दाबू लागल्या. कुंतोरोंनी एकदा घड्याळ पाहिलं आणि लगेच बाही खाली ओढली. सत्तर माणसं भुकेली बसली होती, आणि म्बाहला मध्येच थांबवायची कोणाची छाती नव्हती.

दर्सोनोंनी इकडेतिकडे पाहिलं. शुक्रवारपासून त्यांना आपल्याबद्दल थोडं बरं वाटत होतं. कदाचित जरा जास्तच. ते उठले, वाकून पुढे गेले आणि म्बाहच्या चांगल्या कानापाशी गुडघ्यांवर बसले.

"म्बाह," ते हळूच म्हणाले, "भात गार होतोय."

म्बाहंनी भिंगातून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा डोळा भिंगामागे प्रचंड मोठा दिसत होता.

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "अजून एकशे बेचाळीस पानं आहेत. खाली बसा."

आणि दर्सोनो खाली बसले.